मैदानाला शिकवू देणाऱ्या कोळपे बाई

आदरणीय मंगलताई कोळपे यांना मी प्रथम पाहिले ते बावड्याच्या आमच्या शाळेच्या मैदानावर. नव्वदच्या दशकाचा आरंभ होता आणि मी आठवीत होते. खेळाच्या नव्या बाई म्हणजे शिट्टी, रांग आणि कवायत अशी आमची समजूत. बाईंनी आम्हां मुलींना मैदानालगतच्या कडुलिंबाच्या झाडांत नेले आणि शिवाशिवी खेळायला लावले. नियम एकच, पळता पळता थांबायचे नाही. पाऊल कसे टाकायचे, वळायचे कसे, यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खोडांमधून वळताना आम्ही धडपडलो, एकमेकींवर आदळलो आणि महिनाभरात वाऱ्यासारख्या निसटू लागलो. त्यानंतरच बाईंनी खो-खोचे मैदान आखले.

मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हते. एकदा आमच्यादेखत ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता केव्हा? मुली तर नुसत्या खेळताना दिसतात."

"शिकवतेच आहे, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त बोलत नाही."

बाईंची रीत अशी होती. त्या खेळाडूला बदलायला जात नसत, तिच्या भोवतीचे बदलत. एखादी फार सरळ पळू लागली की मैदान अरुंद करीत. चपळ मुलींना कधी भुसभुशीत मातीत, कधी चढावर पळवीत. हालचाल पाठ करून येत नाही, ती खेळाडू, खेळ आणि जागा यांच्या मेळातून घडते, हा विचार पुढे मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करताना पुस्तकात वाचला. वाचताना मला आमचे मैदान दिसत होते.

या रीतीचे सर्वांत मोठे ऋण माझ्यावर आहे. लहानपणी बैलगाडीवरून पडून माझा डावा हात मोडला. तो नीट बसला नाही, त्यामुळे कोपर आजही सरळ होत नाही. इंदापूरला तालुक्याच्या निवड शिबिरात प्रशिक्षक सर सर्वांना खांबावरचा सूर एकाच पद्धतीने शिकवत होते. पंजाने खांब धरायचा, हात ताठ ठेवायचा आणि पलीकडच्या धावणारीवर झेप घ्यायची. माझा हात पाहून ते म्हणाले, "हिला नाही जमायचं. राखीवमध्येसुद्धा नको." परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी समजूत घातली नाही. "सरांचा सूर तुला जमणार न्हाय," एवढेच म्हणाल्या. "तुझा कोणता हाय, ते बघू."

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. वडिलांनी मला खेळातून काढायचे ठरवलेच होते.

"बाई, एकदा हात मोडलेली पोर हाय. आता आनि काय मोडून घिऊ?"

"आबा, मोडलं तर माझ्या दारात या. पर न खेळता घरात बसली, तर ती दुसरंच काही मोडून बसंल. ते मला बसवता यायचं न्हाय."

 वडील आईला म्हणाले, "चहा टाक बाईस्नी."

त्यानंतर बाईंनी मैदानात जाडबारीक खांब रोवले. काहींना गोणपाट गुंडाळले, काही पाण्याने निसरडे केले. माझ्यापुढे रोज नवी मुलगी पळायची. मी पंजाने धरायला जाई आणि घसरून पडे. पुष्कळ दिवस असेच गेले. एका संध्याकाळी पळणारी मुलगी हुलकावणी देऊन निघाली आणि माझा वाकडा कोपर आपोआप खांबात अडकला. सारे अंग गर्रकन फिरले नि उजवा हात तिच्या पाठीला लागला. पंजाने धरणाऱ्या मुलींपेक्षा माझे वळण तोकडे आणि म्हणून जलद होते. कोपराची कातडी मात्र सोलून निघे. बाईंनी जुन्या गोधडीच्या कापडाची एक बाही स्वतः शिवून आणली.

शाळेच्या संघातून मी बारामतीला स्पर्धेत उतरले. अंतिम सामन्यात अखेरची धावणारी बाद झाली तर विजय आमचा होता. ती खांबाआड गेली आणि क्षणभर थबकली. पुढे माझ्या कोपराने काय केले ते मला कळले नाही. कळला तो आमच्या मुलींचा विजयाचा आरडाओरडा. सामना संपल्यावर इंदापूरचे तेच प्रशिक्षक सर जवळ आले. "पुन्हा करून दाखव," म्हणाले. मी खांबाशी गेले, पण काही केल्या जमेना. बाई हसल्या. "अगं, कुणीतरी पळा तिच्याम्होरं!" एक मुलगी पळाली आणि कोपर बरोबर खांबात बसला. सर मोठ्या मनाचे. पुढच्या शिबिरात त्यांनी मला पहिल्या फळीत घेतले.

बाईंची ही पद्धत नेहमीच फळली असे नाही. पुढल्या वर्षी एका सामन्यात आमची नवी मुलगी पार गोंधळली होती. बाहेरून एका वाक्यात तिला सावरता आले असते, पण बाई बोलल्या नाहीत आणि आम्ही हरलो. मुलगी रडत बसली. त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना गोल बसवून सांगितले, "आज माझं चुकलं. एक शब्द द्यायला पायजे होता." शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे असे म्हटलेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

निवृत्तीनंतर बाई काटेवाडीला राहतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर चालायला सांगितले आहे. त्या अर्थातच उसाच्या बांधावरून चालतात.

गेल्या महिन्यात त्या बारामतीला, मी मुलींना खो-खो शिकवते त्या मैदानावर आल्या होत्या. एक लहान खेळाडू एकाच वळणावर सारखी पडत होती. मी ओरडून सांगणार, तोच बाईंनी माझे मनगट धरले.

"थांब. सापडतंय तिला."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. ती आणखी पडली, उठली, पुन्हा धावली आणि अखेर तोल सावरून वळली. बाईंनी माझे मनगट सोडले आणि टाळी वाजवली.

बाईंचे गुडघे त्यांना बांधावरून साथ देत राहोत, नजर अशीच ताजी राहो आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या मुलींना अजून पुष्कळ पडायचे आहे, आणि आम्हां शिक्षकांना गप्प उभे राहायला अजून शिकायचे आहे.