वीणेच्या बुडाची हळद

द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारभारी नावाचा माणूस माल तपासून घ्यायचा. पेटीची दोरी वाटेत कुणी सोडून पुन्हा बांधलीय का, हे त्याला नुसत्या गाठीवरून कळायचं. निदान तो तसं म्हणायचा. घरी बायको सुलाबाई हसली, तर का हसली हेही त्याला कळायला हवं असायचं. असला माणूस मारुतीच्या देवळात चैत्रातल्या सप्ताहाला विणेकऱ्यांवर देखरेख करायला बसला, म्हणजे बाकीच्यांचे ग्रहच फिरले.

सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. ती गळ्यात आली की माणसाला नावगाव राहत नाही, तो नुसता विणेकरी. कारभाऱ्याचं म्हणणं, माणूस नाव टाकतो, खोड टाकत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली त्याचा डोळा गेणूवर होता. गेणू त्याच गोदामातला हमाल, सकाळभर पोती वाहून दुपारच्या पहाऱ्याला उभा राहायचा. हा नक्की वीणा टेकवत असणार! कारभाऱ्याने गुपचूप वीणेच्या भोपळ्याच्या बुडाला ओली हळद फासली. तासाभराने येऊन बघतो तर फरशीवर पिवळा डाग.

"टेकवलीस!" तो चारचौघांत ओरडला.

"नाय टेकवली, दादा. हळद ओली व्हती, गळली आसंल."

कोण ऐकतो? गेणू खाली मान घालून गेला, तो पुन्हा देवळात दिसला नाही.

पुढे कारभाऱ्याने एकेकाला असंच पारखलं, आणि एकेक जण गळला. त्र्याऐंशी साली तर एका दुपारी तो स्वतःच वीणा घेऊन उभा होता, आणि त्याचा पहारा संपला तरी ती घ्यायला कुणी आलंच नाही. "त्याची वीणा त्यानंच सांभाळावी," असं विणेकऱ्यांतला रावजी बाहेर म्हणाला होता. मंडळी जेवायला गेलेली. कारभाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि वीणा हळूच फरशीवर टेकवली. घोटभर पाणी प्यायला, लगेच उचलून उभा राहिला.

तेवढ्यात दारात गेणू.

"रावजी म्हनला, म्हातारा एकलाच उभा हाय. द्या इकडं."

वीणा घेताना गेणूने भोपळ्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. फरशीवर सांडलेला बुक्का अंगठ्याला लागून आला, काळाकुट्ट. त्याने अंगठ्याकडे बघितलं, मग कारभाऱ्याकडे. कारभाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेणूने उपरण्याने बूड पुसलं, वीणा गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकून त्याच्या पायांना हात लावला. कारभाऱ्यालाही वाकावं लागलं.

त्यानंतर कुठे कुणी दोघं बोलताना दिसले की कारभारी कान टवकारायचा. चोराच्या मनात चांदणं! गेणूने जन्मात कुणाला काही सांगितलं नाही. फक्त कारभाऱ्याचा त्यावर मरेपर्यंत विश्वास बसला नाही.