ओसरीतला शनी

गेल्या फेब्रुवारीत, खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, माझ्या पत्नीने बनवलेली सूर्यमालेची प्रतिकृती आमच्या पिंपळवंडीच्या घराच्या ओसरीतून बाहेर निघाली नाही.

पत्नी शाळेत गणित शिकवते. युरोपातल्या एका तरुण गणितशिक्षकाने चारशे वर्षांपूर्वी मांडलेली रचना तिने सळईत उभी केली होती. तेव्हा माहीत असलेल्या सहा ग्रहांचे, वळवलेल्या कड्यांचे सहा गोल, एकात एक. दर दोन गोलांच्या मधे एक भौमितिक आकृती घट्ट बसते. सर्वांत बाहेर शनी, त्याच्या आत घन, घनाच्या आत गुरू, असं थेट बुधापर्यंत. पुढे त्याच माणसाने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं दाखवलं. पण आधीची ही चूक सुंदर होती, आणि मुलांनी ती पाहायला हवी, असं पत्नीचं म्हणणं.

काम ओसरीत सुरू झालं तेव्हा ओसरी उघडी होती. जानेवारीत बिबट्याने अंगणातून कुत्रा नेला. त्याच आठवड्यात गावातल्या फॅब्रिकेटरने ओसरीला जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी जाळी बसवली. झटकन लावता यावं म्हणून दार अडीच फुटी ठेवलं. तेव्हापासून दिवस मावळला की माझी आई, पत्नी आणि मी, आम्ही तिघं आत. पत्नीने शाळेनंतरचं सगळं बंद केलं. राहिली ती ही प्रतिकृती. शनीचा व्यास चार फूट भरला.

फॅब्रिकेटरला बोलावलं. तो दारात उभा राहून हसला.

"मॅडम, शनीच्या कड्या मीच वळवल्या, जाळी बी माझीच. आता कापू काय?"

"जाळीला हात लावायचा न्हाई," आई म्हणाली. "बिबट्या काय तुमचं परदर्शन संपायची वाट बघतोय व्हय?"

"मग शनी कापतो, आजी."

"आज वार कोणता? शनिवारी शनीवर करवत? लई शाना हाय तू."

फॅब्रिकेटरने पिशवीत घातलेला हात बाहेर काढला. "आजी, मला बी लेकरंबाळं हायती."

"आई, प्रदर्शन उद्याच आहे," पत्नी म्हणाली. "महिनाभर मी या जाळीतून बघतेय. उद्या तरी जाऊ द्या."

"तुला कोण अडवतंय? तू जा की. हे लोखंड राहू दे."

"हे सोडून मी तिथे जाऊन काय करू?"

पत्नीने फॅब्रिकेटरकडून हॅकसॉ मागून घेतला.

"शनी माझा आहे. कोप झाला तर माझ्यावर होईल."

पहिली कडी कापताना सगळा सांगाडा थरथरू लागला. आतला गुरू निसटेल असं वाटलं. आई उठून आली. तिने दोन्ही हातांनी कडी धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी बघत न्हाई. काप तू."

शनी गेल्यावर घन उरला. त्याची बाजू सव्वादोन फुटांच्या थोडी वर होती. तो दारातून गेला.

रविवारी खोडदला मुलांनी गर्दी केली. शनी कुठे आहे, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पत्नी प्रत्येकाला घनाचे आठ कोपरे दाखवायची आणि त्यांना टेकून जाणारा गोल हवेत हाताने काढायची.

शिक्षक गटाचा निकाल संध्याकाळी होता. दिवसाउजेडी घरी पोचायचं म्हणून त्याआधीच आम्ही टेम्पो भरला. घरी पोचलो तेव्हा ऊन उसाच्या शेंड्यांवर होतं. कापलेल्या कड्या ओसरीत भिंतीला टेकून होत्या. प्रतिकृती त्यांच्या शेजारी ठेवली आणि आईने जाळीचं दार आतून लावलं.