दारातला उजेड

साडी घेताना मी ती दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघते. कॅनडात जावयाने गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीसाठी गळ निवडायला नेलं, तेव्हाही तेच केलं. माशाला भुलवायला गळावर लावलेला लाल पत्रा उन्हात धरला. काय झळकला!

"आई, ट्राउट मासा फार खोल असतो," जावई हसला. "तिथे लाल काळाच दिसतो. हा अंधारात चमकणारा पांढरा घ्या."

मी हट्टाने लालच घेतला.

दुसऱ्या दिवशी बर्फाला भोक पाडून तो खाली सोडला. आधी लाल, मग विटकरी, मग दिसेनासाच झाला. आपण उजेडात किती हौसेने निवडतो, आणि पारखणारं कुणीतरी काळोखात बसलेलं असतं.

पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर माझा गळ म्हणजे एक बारीक रेघ होती. तळातून एक जाड रेघ, म्हणजे मासा, तिच्यापाशी येऊन थांबली.

"हलू नका, आई," जावई कुजबुजला.

ती गळाला शिवली नाही. त्याला ओलांडून सावकाश वर येऊ लागली. भोकावर मी वाकले होते. तिलाही काहीतरी दारात, उजेडात, नीट बघून घ्यायचं होतं.