पहिली तक्रार वाचा

सुरुंगबाई हे नाव त्यांना छापखान्यातल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते बाईंच्या कानावर गेलंच नाही असं समजणारे भोळे होते. बाईंना सगळं ठाऊक होतं. "ठेवू देत काय ठेवायचं ते," त्या घरी थोरल्या बहिणीला सांगत, "पण वात कोण पेटवतं ते कुणी विचारत नाही." दोघी बहिणी दोन खोल्यांच्या घरात राहायच्या. थोरली शांत, इतकी की तिच्या शांतपणाचाही बाईंना राग यायचा. ती म्हणायची, "अगं, तू नुसती शिंकलीस तरी शेजारी दारं लावून घेतात." मग बाई अर्धी भाकरी ताटात टाकून उठायच्या आणि दहा मिनिटांनी गुपचूप येऊन ती खायच्या.

त्या छापखान्यात शाईचा थेंब नव्हता. तिथे अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल छापलं जायचं. जाड कागदावर ठिपके उठवणारं यंत्र एका लाकडी पेटीत ठेवलं होतं. पेटीला आतून गाद्यांचा स्पंज चिकटवला होता, तरी खडखड पार खालच्या जिन्यापर्यंत ऐकू जायची. बाई एकोणीस वर्षांपूर्वी तिथे टायपिस्ट म्हणून आल्या. तेव्हा एक निवृत्त इंजिनियर फुकट काम करायला यायचे, त्यांना सगळे प्रोग्रामवाले काका म्हणत. साध्या मजकुराचे ठिपके करणारा प्रोग्राम काकांनी लिहिला, लिनक्स या प्रणालीवर चालवला, आणि बाईंना शिकवला. सोर्स कोड म्हणजे लिहिलेली कृती, कंपायलर म्हणजे त्या कृतीवरून चालता प्रोग्राम बनवणारा, आणि कृतीत काही खटकलं तर तोच बोंब मारणार, इतकं बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. पडदाभर तांबड्या ओळी आल्या की बाई घाबरायच्या. काका म्हणाले, "तो शिव्या देत नाही, बाई. तक्रार करतो. पहिली तक्रार वाचायची. खालच्या पन्नास तिच्याच पोरी असतात."

काका गेले. बाईंनी त्यांचं वाक्य एका पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या डोक्यावर चिकटवलं, "पहिली तक्रार वाचा. वरून." कॉम्प्युटर बिघडला म्हणून जो कुणी रडत येई त्याला बाई आधी तो पुठ्ठा मोठ्याने वाचायला लावत. हिशेबनीस तर पाठ म्हणून दाखवायचा आणि मगच स्वतःची अडचण सांगायचा.

त्या सोमवारी सकाळी आठला बाई खोलीत शिरल्या आणि टेबल रिकामं दिसलं. जुना कॉम्प्युटर नव्हता. त्याच्या जागी पांढराशुभ्र नवा डबा होता, त्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. पुठ्ठा मात्र कुणीतरी इमानदारीने नव्या मॉनिटरला चिकटवून ठेवला होता.

"शनिवारी भंगारवाला आलाच होता," व्यवस्थापक म्हणाले. "म्हटलं, सगळं एकदमच देऊन टाकू. नवा चौपट जोरात चालतो."

"आणि प्रोग्राम?"

"तुमच्याकडे ती डिस्क आहे ना? अर्ध्या तासाचं काम."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डिस्क होती, पण तिच्यात सोर्स कोड होता, काकांनी बारा वर्षांपूर्वी शेवटचा सुधारलेला. तो नव्या लिनक्सवर पुन्हा कंपाइल करावा लागणार होता. जुना डबा बदलायचा तर आधी नवा शेजारी ठेवून महिनाभर दोन्ही चालवा, असं बाईंनी दोनदा लेखी दिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! आणि आजचा दिवस कोणता? दुसऱ्या दिवशी शालान्त परीक्षेचा गणिताचा पेपर होता. चौदा अंध विद्यार्थी, चौदा प्रती, आणि पाच वाजता पाकिटं न्यायला परीक्षा मंडळाची गाडी येणार होती.

"नाहीच झालं," व्यवस्थापक घड्याळाकडे बघत म्हणाले, "तर नियमात सोय आहे. परीक्षा केंद्रावरचा कारकून पेपर वाचून दाखवतो."

हे वाक्य त्यांनी मास्तरांच्या देखत बोलायला नको होतं.

मास्तर छापखान्याचे वाचक. जन्मांध. कुठल्याही कामाची पहिली प्रत त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाकीच्या सुटत नसत, आणि शेवटच्या पाकिटाला शिक्का मारण्याआधी शेवटची प्रत ते पहिल्यापासून पुन्हा वाचत, हा तिथला जुना रिवाज. त्यांच्या खोलीतला दिवा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मास्तरांना पत्ता नाही, आणि बाकीचे अंधारात ठेचकाळत आत जायचे. त्या दिव्यावरूनही बाई तीनदा भांडल्या होत्या. मास्तर शालान्त परीक्षेला गणितात तीन वर्षं ओळीने नापास झाले होते. पाढे त्यांना शंभरापर्यंत येत, पण पेपर कारकून वाचायचा आणि एकदाच वाचायचा. पुन्हा वाचा म्हटलं की म्हणायचा, "मला काय एवढंच काम आहे का?" चौथ्या वर्षी मास्तरांनी फॉर्मच भरला नाही. हे त्यांनी बाईंना एकदाच सांगितलं होतं, कपात चहा ओतत असल्यासारख्या सहज आवाजात. बाई त्या दिवशी घरी जाऊन थोरलीवर विनाकारण खेकसल्या होत्या.

"कारकून वाचणार नाही," बाई व्यवस्थापकांना म्हणाल्या. "तुम्ही आता इथून जा."

त्यांनी डिस्क लावली आणि कंपायलर चालू केला. तांबड्या ओळींनी पडदा भरला. बाईंनी वर जाऊन पहिली वाचली. एक फाईल सापडत नव्हती. लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडचा साठा, होती, पण त्या लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणारी हेडर फाईल नव्हती. ती वेगळ्या पॅकेजमध्ये असते. बाईंनी ते टाकलं आणि साठ ओळी एका दमात गेल्या. पुढे शेवटच्या जोडणीत घोडं पेंड खाऊ लागलं, कारण एका लायब्ररीचं नावच मधल्या वर्षांत बदललं होतं. नवं नाव शोधण्यात तास गेला. दरम्यान व्यवस्थापक दोनदा डोकावून गेले. एकदा म्हणाले, "इंटरनेटवर तयार मिळत नाही का?" दुसऱ्यांदा म्हणाले, "माझा भाचा तर मोबाइलवर दोन मिनिटांत करतो." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

साडेबाराला एकच तक्रार उरली. काकांच्या कोडमध्ये एका फाईलने दुसऱ्या फाईलमधलं एक फंक्शन, म्हणजे काहीतरी तपासून उत्तर देणारा तुकडा, वापरलं होतं, पण त्याची ओळख वर कुठे करून दिली नव्हती. ते उत्तर काय स्वरूपात देतं हे कंपायलरला ठाऊक नव्हतं. जुना कंपायलर अशा वेळी कुरकुर करून पुढे जायचा. नवा अडून बसला होता.

बाईंनी नेटवर बघितलं. कुणीतरी लिहिलं होतं, ही सूचना जोडा, तक्रार बंद होते. खाली दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, असं करू नका. बाईंनी दोन्ही वाचलं. काय बरोबर ते त्यांना माहीत होतं. कोड उघडायचा, फंक्शन कुठलं ते शोधायचं, एक ओळ लिहायची. तेवढ्यात दार तिसऱ्यांदा उघडलं.

"बाई, चिडू नका, पण मी मंडळाला फोन करून कारकुनाचं सांगून ठेवू का?"

"करा फोन!" बाई ओरडल्या. "माझं ऐकायचंच नाही ना कुणाला? करा!" आणि दातओठ खात त्यांनी ती सूचना जोडली.

कंपायलर गप्प झाला. प्रोग्राम तयार झाला. बाईंनी प्रश्नपत्रिका त्यात घातली, पेटीतून खडखड सुरू झाली. वेळ वाचावा म्हणून पहिली प्रत मास्तरांकडे देऊन त्यांनी बाकीच्या तेराही लगेच सोडल्या. फोनकडे निघालेले व्यवस्थापक खडखड ऐकून परत फिरले.

मास्तर आले तेव्हा सव्वादोन झाले होते आणि अकरा प्रती थप्पीत पडल्या होत्या. ते भिंतीला हात लावत आले आणि म्हणाले, "यंत्र थांबवा."

"का?"

"कंस संपला की आकड्याची खूण गायब होतेय. प्रत्येक वेळी नाही. अधूनमधून."

ब्रेलमध्ये आकड्यांना स्वतःचे ठिपके नसतात. अक्षरांचेच ठिपके, फक्त आधी एक खूण, की आता आकडा येतोय. खूण गेली की आकड्याचं अक्षर होतं. ज्याला परीक्षेत हे वाचायचंय त्याला समीकरणाच्या मध्यावर भलतंच अक्षर लागणार, आणि तो स्वतःलाच मूर्ख समजणार.

बाईंनी यंत्र थांबवलं नाही. त्या मास्तरांवर उलटल्या. "तुमचं बोट चुकलं असेल! वय झालंय आता, घासून घासून बधिर झाली असतील बोटं. पुन्हा वाचा जा!"

खडखडीतही ते सगळ्या छापखान्याला ऐकू गेलं. हिशेबनीस खाली बघू लागला. मास्तरांनी पान टेबलावर ठेवलं, चाचपडत बाईंचा हात धरला आणि त्यांचं बोट एका ओळीवर टेकवलं. बाईंना बोटाने वाचता येत नव्हतं, त्या डोळ्यांनी ठिपके मोजायच्या. मोजले. कंस होता. खूण नव्हती.

बाईंनी यंत्र बंद केलं. इतकी शांतता झाली की जिन्यावरच्या चपला ऐकू आल्या.

"बाई," मास्तर म्हणाले, "यंत्र काही म्हणालं होतं का?"

बाईंच्या डोळ्यांसमोर काकांचा पुठ्ठा होता. तो वाचायला त्यांनी अख्ख्या छापखान्याला लावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दोन लेखी अर्ज, तीनदा दिव्यावरून भांडण, आपलं कुणी ऐकत नाही म्हणून एकोणीस वर्षं आरडाओरडा, आणि समोर एकजण नीट, ओळ क्रमांकासकट, मुद्द्याची तक्रार करत होता, तर आपण काय केलं? व्यवस्थापकांनी आपलं जे केलं तेच.

"म्हणालं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याचं तोंड दाबलं."

इतका राग त्यांना आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आधी वाटलं, काकांवर खापर फोडावं, त्यांनीच ओळ लिहायची राहिली होती. पण काकांचा कंपायलर तेव्हा कुरकुरला असेल आणि नशिबाने चाललं असेल. बाईंना तर नव्याने बजावून सांगितलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, आधी ती सूचना काढून टाकली आणि मग कोड उघडला. ते फंक्शन आकड्याची खूण दिली आहे की नाही एवढंच सांगायचं, हो किंवा नाही. ओळख नसल्यामुळे त्या उत्तरासोबतचा कचराही प्रोग्राम उत्तर म्हणून उचलत होता आणि "नाही"चं मधूनच "हो" होऊन खूण गाळली जात होती. बाईंनी वर एक ओळ लिहिली. एकच. कंपायलर आपणहून गप्प झाला.

या खेपेला त्यांनी एकच प्रत छापली आणि स्वतः मास्तरांच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन दिली. दाराशी ठेचकाळल्या, पण ब्र काढला नाही. मास्तरांनी सगळे कंस तपासले. "सोडा," म्हणाले. बिघडलेल्या सगळ्या प्रती रद्द झाल्या आणि पेटी पुन्हा खडखडू लागली.

पाचला दहा कमी असताना तेरा पाकिटांवर शिक्के होते. चौदावी प्रत रिवाजाप्रमाणे मास्तरांपुढे होती. व्यवस्थापक हात चोळत आले. "बघा, झालं की नाही? उगाच डोक्यात राख घालून घेता."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीचा स्फोट होईल म्हणून हिशेबनिसाने मान खांद्यात घेतली. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या माझे दोन्ही अर्ज घेऊन तुमच्यासमोर बसणार आहे. पहिल्या ओळीपासून वाचायचे. मोठ्याने." त्यापेक्षा व्यवस्थापकांना बाईंचं ओरडणं परवडलं असतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. बाई मास्तरांच्या खोलीत गेल्या. त्यांना माफी मागायची होती, पण तो शब्द त्यांच्या घरात वापरात नव्हता. "दिवा उद्या मी स्वतः बसवते," त्या म्हणाल्या.

"मला कशाला?" मास्तर हसले. त्यांचं बोट एका ओळीवरून सरकत गेलं. "आयताची लांबी रुंदीपेक्षा तीन मीटरने जास्त. परिमिती चौतीस मीटर. रुंदी काढा." बोट ओळीच्या टोकाला थांबलं. मग उचलून त्यांनी ते पुन्हा सुरुवातीला ठेवलं.

"खूण आहे ना?" बाईंनी काळजीने विचारलं.

"आहे. सगळं बरोबर आहे. मी आपलं पुन्हा वाचतोय."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. मास्तरांचं बोट दचकून कागदावरून उठलं, चाळीस वर्षांपूर्वी तो कारकून खेकसल्यावर ते दचकत असतील तसं. बाईंनी ते पाहिलं. त्या तरातरा खिडकीशी गेल्या, दोन्ही झडपा उघडल्या आणि एकोणीस वर्षांत काढला नव्हता असा आवाज काढला.

"हॉर्न बंद कर! पाच वाजायला अजून चार मिनिटं आहेत! वरती माणूस पेपर वाचतोय!"

रस्ता चिडीचूप झाला. खोलीत मास्तरांनी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि सावकाश शेवटपर्यंत नेलं.

"सात," ते म्हणाले. "रुंदी सात मीटर."