तापीत मारलेला पाईप

मस्कतला अकरा वर्षं मी एसी दुरुस्त करत होतो आणि दर शुक्रवारी मासे मारत होतो. जाळं नाही, गळ नाही. श्वास रोखून पाण्याखाली जायचं आणि रबराच्या ताणावर सुटणाऱ्या भाल्यानं मासा भोसकायचा. त्या हत्याराला स्पीअरगन म्हणतात. माझी गन उभी धरली तर माझ्या छातीपर्यंत यायची आणि माझी छाती तेव्हा बरीच फुगलेली असायची.

तिथला समुद्र कोमट, जणू आपल्यासाठीच कुणी बंब पेटवून ठेवलाय. आणि स्वच्छ इतका, की वीस हात खाली पडलेलं नाणं छाप की काटा ते वरूनच सांगावं. अशा पाण्यात मासा मारणं म्हणजे मिठाईच्या दुकानात काचेवर बोट ठेवून ‘हा द्या’ म्हणणं. पण हे मला तिथं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी त्या माणसाला अडाणी समजलो असतो. मेलेला हमूर मासा हातभर पुढं धरून (पुढं धरला की मोठा दिसतो) मी व्हिडिओ काढायचो आणि अमळनेरला आबांना पाठवायचो.

आबा म्हणजे माझे वडील. तेलाच्या गिरणीत फिटर होते, आता चहाच्या टपरीवर गप्पा मारत बसतात. रोज सकाळी ते आणि त्यांचे चार मित्र. माझा प्रत्येक व्हिडिओ त्या टपरीवर पाचही जणांनी पाहिलेला. चौघांतले एक एसटीचे निवृत्त कंडक्टर. ज्या माणसानं जन्मभर अर्ध्या तिकिटावर बसलेल्या मिशीवाल्या पोरांची खरी वयं ओळखली, तो माझ्या व्हिडिओला काय फसणार?

‘हा तुझाच पोरगा कशावरून?’ ते आबांना म्हणायचे. ‘तोंडावर मास्क, अंगावर काळा झगा. उद्या मी म्हणेन, हा मी आहे.’

‘तुझं पोट मावेल का त्या झग्यात?’ आबा म्हणायचे. पण विषय आबांच्या मनात रुतून बसायचा.

गेल्या जानेवारीत मी कायमचा परत आलो. चौथ्या दिवशी कंडक्टरकाकांनी टपरीवर पुन्हा खडा टाकला आणि आबांनी शब्द दिला. ‘येत्या रविवारी चौघंही माझ्याकडे जेवायला. पोरगा तापीतून मासा मारून आणेल. तोच रांधीन.’

आई गेल्यापासून आमच्या घरी बाहेरचं कुणी जेवलं नव्हतं. आबांनी आत्याकडे गेलेलं मोठं पातेलं परत मागून आणलं, स्वतः घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

‘बाजारातून उचलून आणू नको,’ मला म्हणाले. ‘मी शब्द दिलाय.’

‘बाजारातून कशाला, आबा? दोन तासांचं काम.’

दोन तास! ते दोन शब्द आठवले की अजूनही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

गुरुवारी सकाळी मी शिंदखेड्याच्या बाजूला तापीवर गेलो. काठाला केळीची बाग असलेले एक भाऊ आमच्या लांबच्या नात्यातले. त्यांच्या मोटरीच्या खोलीत कपडे बदलायची सोय झाली होती. एसटीतून उतरलो तेव्हा थंडीनं कान गळून पडतील की काय असं वाटत होतं. भाऊंनी शेकोटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत केलं होतं, हिरव्या मिरच्या कुटून घातलेलं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ‘अंगात ऊब राहील,’ म्हणाले. मी दोन भाकरी हाणल्या. डुबकी मारणारा माणूस उपाशीपोटी पाण्यात उतरतो, हे मीच मस्कतला नवशिक्यांना शिकवायचो. पण भरीत समोर आलं की खानदेशी माणसाचं शिक्षण संपतं.

माझा सूट उन्हाळी समुद्राचा, कागदासारखा पातळ. म्हणून आतून आबांचा लोकरीचा स्वेटर घातला. स्वेटर अंगात म्हणजे शरीर जास्त तरंगणार, असा हिशेब करून कमरेच्या पट्ट्यात शिशाची दोन वजनं वाढवली. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो आणि गोड्या पाण्यात कमी, म्हणजे नदीत उतरताना वजनं कमी करायची असतात, एवढी साधी गोष्ट अकरा वर्षं समुद्रात लोळूनही माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. मी पाण्यात उडी घेतली आणि थेट तळाच्या गाळात गुडघ्यापर्यंत रोवला गेलो, ऊस लावावा तसा.

थंडी काय असते ते तेव्हा कळलं. मानेतून आत शिरलेलं पाणी पाठीवरून खाली उतरत गेलं, जणू एखादा सावकाश माणूस बर्फाचा खडा फिरवतोय. स्वेटरनं पाणी पिऊन घेतलं. श्वास रोखायचा तर श्वास मुळात आत जाईना, छाती नुसती उचक्या देत होती. मस्कतला मी दीड मिनिट सहज खाली राहायचो. तापीत मी मोजून नऊपर्यंत गेलो.

आणि दिसत काय होतं? काही नाही. हात पुढं केला तर कोपरापर्यंत माझा, पुढचा तापीचा. माझी लांबलचक गन पुढं धरली तर तिचं टोक कुठल्या गावात आहे याचा पत्ता नाही. मी पाय झाडले तसा गाळ उठला आणि होतं तेही गेलं. डोकं खाली करून डुबकी घेतली तेव्हा भरीत वर निघालं. मिरचीचा ठसका पाण्याखाली लागणं हा काय प्रकार असतो तो शत्रूलाही कळू नये.

काठाला तीसेक पावलांवर एक अक्का छातीभर पाण्यात उभ्या होत्या. साठीच्या. नऊवारी खोचलेली, कमरेला टोपली. पिढ्यान् पिढ्या नदीवर मासे धरणाऱ्यांच्या घरातल्या. हातांनी दगडांखाली चाचपायच्या आणि मासा काढून टोपलीत टाकायच्या, भाजीवाल्याच्या ढिगातून लिंबू निवडावं तसं. मी वर येऊन खोकत होतो तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मला वाटलं, बाई माझ्या साहित्याला बिचकल्या.

पाचव्या-सहाव्या डुबकीत मला तो दिसला. काळा, मांडीएवढा जाड, पाण्याबरोबर हळूच डुलणारा. नदीचा राजा! एवढा मोठा की कंडक्टरकाकांच्या चौकशीसाठी वेगळा तुकडा ठेवता येईल. मी नेम धरला नाही, कारण नेम धरायला दिसावं लागतं. सरळ चाप ओढला. भाला लागला! दोरी ताठ झाली. मी गाळात पाय रोवून दोन्ही हातांनी ओढायला लागलो. तो पण ओढत होता. मी उथळाकडे सरकत सरकत, फेस काढत, त्याला पाण्याबाहेर आणला.

त्याच क्षणी वर मोटरीच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली. मोटरीनं हवा धरली होती. माझ्या हातात होता भाऊंच्या मोटरीचा पाणी ओढणारा रबरी पाईप, टोकाच्या जाळीच्या फूटव्हॉलसकट, आणि त्याच्या पाठीत माझा भाला.

भाऊ धावत आले. पाईपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. थोडं पाणी माझ्या नाकातून गळत होतं.

‘मस्कतमा पाईपच मारे का तू?’ त्यांनी विचारलं.

यावर मी काहीतरी बोललो. म्हणालो की पाण्यात दिसत कमी होतं, नाहीतर माझा नेम एरवी पक्का असतो. तेव्हा अक्का पाण्यातून चालत आल्या. भाला बघितला. त्याचं टोक पाईपाच्या दुसऱ्या बाजूनं वीतभर बाहेर आलं होतं. त्या टोकावर त्यांनी अंगठा टेकवला.

‘आनि तठे मना पाय ऱ्हाता तं?’

मला थंडी वाजत होती, पण त्या वाक्यानंतर जी वाजली ती वेगळी. दिसत नसताना मी चाप ओढला होता. त्या तीस पावलांवर होत्या असं मला वाटत होतं, पण गाळात मी कुठल्या दिशेला तोंड करून होतो हे मला तरी कुठं ठाऊक होतं? एक म्हातारी बाई पोटासाठी थंड पाण्यात उभी, आणि शेजारी एक गाढव आंधळेपणानं भाले सोडतंय, टपरीवरच्या चार रिकामटेकड्यांना गप्प करायला. माझ्याबद्दल मला आजवर जे जे वाटलं, त्यात एवढं खरं काहीच नव्हतं.

पाईपाला रबरी ट्यूबची पट्टी बांधली. मोटर पुन्हा चालू करायची तर पाईप पाण्यानं तोंडापर्यंत भरावा लागतो. त्या दुपारी बादल्या मी वाहिल्या. भाऊ शेकोटीजवळ बसून मोजत आणि आणखी मागत होते, ‘आखो एक आन.’

शुक्रवारी घरी पडून राहिलो, तापानं. आबांनी काढा दिला, विचारलं काहीच नाही. फक्त संध्याकाळी म्हणाले, ‘चौघंही येतो म्हणालेत.’

शनिवारी मी पुन्हा गेलो. गन घरी ठेवली. वेळूच्या दांडक्याला तीन काट्यांचं लोखंडी टोक बसवलेला हातभर लांबीचा भाला नेला. जेवढं दिसतं त्याहून लांब काही हातात नको. शिसं निम्मं काढलं. स्वेटर नाही. पोटात फक्त चहा. अक्कांकडे गेलो आणि म्हणालो, ‘अक्का, तुम्ही कुठं उभ्या राहणार ते सांगा. मी त्याच्या उलट बाजूला जातो.’

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘तू पानीमा शिरस का बैल शिरस?’ म्हणाल्या. ‘माशेसले तू दखास. तुले मासा दखात नहीत.’ म्हणजे माशांना मी दिसतो, मला मासे दिसत नाहीत. मग वाकून दोन मोठ्या दगडांमधली एक खाच दाखवली. ‘आठे पड. हालू नको. बठ्ठा गाळ बसू दे.’

पडलो. मस्कतला मी माशामागं जायचो. इथं मी दगडासारखा दगडाशेजारी पडून राहिलो, वर येऊन श्वास घ्यायचा आणि पुन्हा तिथंच. बोटं बधिर झाली. दात वाजून तोंडातली श्वासाची नळी चावली जायची. दर थोड्या वेळानं वरून अक्कांचा आवाज यायचा, ‘हालना तू!’ त्यांना पाण्यावरून कळत होतं मी कुठला पाय हलवला ते. सकाळ गेली. दुपार होत आली. एक मासा शेपटीनं माझ्या कानाला चाटून गेला, आणि मी वळेपर्यंत गेलासुद्धा. पाण्यावरची माझी ती वळवळ बघून अक्का पहिल्यांदा हसल्या, आणि त्या हसण्यात कौतुकाचा अंश नव्हता.

शेवटी खाचेच्या तोंडाशी काहीतरी आलं. आधी नुसती सावली. मी थांबलो. सावलीला डोकं फुटलं, डोक्याला डोळा. डोळा नीट दिसल्यावर मग मी हात पुढं केला. मरळ होती. भाला तिच्या पाठीतून गेला.

वर आणून धरली. हातभर पुढं धरली तरी लहानच दिसत होती. पाव किलोच्या जरा वर. अक्कांनी टोपलीत हात घालून तिच्या चौपट मोठा मासा काढून पुढं केला. ‘हाऊ ली जाय. भोक तू पाडी दे.’

मी लगेच नकार दिला असता तर बरं दिसलं असतं. पण तो लगेच दिला नाही. बराच वेळ त्या माशाकडे बघत उभा राहिलो, भोक कुठं पाडलं तर खरं वाटेल याचाही विचार करून झाला. मग आबांना फोन लावला.

‘आबा, मिळाला. पण लहान आहे.’

‘किती?’

‘पाव किलो. वर थोडा.’

पलीकडं टपरीवरच्या ग्लासांचा आवाज येत होता.

‘तू मारलाय?’

‘मी मारलाय.’

‘मग तोच घेऊन ये.’

रविवारी पाच म्हातारे जमिनीवर ओळीनं बसले. आबांनी खोबरं आणि कांदा काळपट भाजून रस्सा केला होता, मोठ्या पातेल्यात, पाचांना पुरेल एवढा. त्यात माझी मरळ. सात तुकडे झाले होते. आबांनी प्रत्येकाच्या वाटीत एकेक घातला, पाठीतला भोकांचा तुकडा मुद्दाम कंडक्टरकाकांना.

काकांनी बोटांनी तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, उलटा केला, जुन्या सवयीनं पासवरचा फोटो तपासावा तसा. आबा जेवत नव्हते. भाकरी हातात धरून काकांच्या तोंडाकडे बघत होते. मी दारात उभा होतो.

‘हा मासा आहे?’ काका म्हणाले.

‘मासाच आहे,’ आबा म्हणाले.

‘एवढासा?’

‘एवढासा.’

काकांनी तुकडा तोंडात टाकला, काटे काढून ताटाच्या कडेला ठेवले आणि बाकीच्या तिघांकडे वळले. ‘पोरानंच मारलाय,’ म्हणाले. ‘विकत आणला असता तर पाच माणसांना कुणी एवढा भिकार मासा आणला नसता.’

तिघांनी माना डोलावल्या. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. आबांनी भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. मग पातेल्याकडे हात करून मला म्हणाले, ‘उभा काय राहिलास? रस्सा वाढ सगळ्यांना.’