कडी न काढताच पळालेली पोट्टी

ही गोष्ट सांगायला मी बसले की घरातली पोरं आधी माझ्यासमोरची जागा मोकळी करतात. कारण या गोष्टीत दार मी होते, कडी मी होते, पोथी सांगणारे बुवाही मीच होते, आणि माझे भासरे व्हायची वेळ आली की सगळ्यांकडे पाठ करून बसते. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आता केस पिकू लागलेत, गुडघे कुरकुरतात, तरी धावत आत येण्याचा प्रसंग मी धावूनच करून दाखवते. लिहिताना तेवढी सोय नाही. धाप वाचणाऱ्यांनी आपापली लावून घ्यावी.

भासऱ्यांचा एक नेम होता. कोणतीही गोष्ट ते एकदाच बोलत. पाणी मागितलं आणि कोणाच्या कानावर गेलं नाही, तर पुन्हा मागायचं नाही. उठायचं, विहिरीवर जायचं आणि पोहऱ्याने प्यायचं. जाताना मात्र अशा चालीने जात की सगळ्या घराला आपण मोठं पाप केल्यासारखं वाटे. त्यांच्या लग्नात म्हणे भटजींनी नाव विचारलं, यांनी सांगितलं, वाजंत्रीच्या गोंगाटात भटजींना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. नवरदेव गप्प. शेवटी नाव न्हाव्याने सांगितलं आणि लग्न पुढे सरकलं. अशा माणसाशी संसार करून माझ्या जाऊबाईंचे कान हरणाच्या कानांसारखे झाले होते.

त्यात आमच्या किन्हीराजा गावाची एक रीत होती. भर दुपारी किंवा दिवेलागणीला बाहेरून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत ओळखीच्या माणसाचा आवाज काढतं, पण त्याला तिसरी हाक मारता येत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. म्हणून आमच्याकडे पाहुणा, शेजारी, ताक मागायला आलेली बाई, सगळे एका दमात तीन हाका मारून मोकळे होत. गावात एक हाक मारणारा जिवंत माणूस एकच, आणि त्या एका हाकेला कडी काढणारी बाईही एकच.

मी त्या घरात नवी सून होते. भासऱ्यांपुढे धाकट्या भावाच्या बायकोने तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. त्यामुळे भासऱ्यांचा चेहरा मी पाहिलेला नव्हता. डोक्यावरचा पदर इतका पुढे असे की मला फक्त त्यांचे पाय दिसत. पाय मात्र मी कुठल्याही जत्रेत ओळखले असते. डाव्या पायाचा अंगठा बैलाने तुडवून भाकरीसारखा चपटा केला होता.

मानमोडीच्या तापाच्या साथीचं ते वर्ष. भासरे कापसाची बैलबंडी घेऊन कारंज्याला गेले ते आलेच नाहीत. बंडी आणि बैल घेऊन गावातला दुसरा एक माणूस परत आला. त्याने सांगितलं की कारंज्याच्या धर्मशाळेबाहेर मेलेली माणसं ओळीने ठेवली होती आणि त्यातल्या एकाच्या अंगावर भासऱ्यांची घोंगडी होती. तोंड पाहिलं का, असं जाऊबाईंनी विचारलं. त्या दिवसांत तोंड पाहायला कोण थांबत होतं?

माझ्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या दुष्ट नव्हत्या. पोराच्या जीवाला शांती मिळावी एवढंच त्यांना हवं होतं. देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. तो विधी करा, असं त्यांनी धरून ठेवलं. विधी झाला की जाऊबाईंच्या हातातल्या बांगड्या फुटणार होत्या.

"तहानेला फिरत असन माहा लेक," आत्याबाई म्हणत. "तुया बांगड्यांसाठी त्याले कायले फिरवतं?"

"तहान लागली असन त विहिरीवर जातीन थे," जाऊबाई म्हणत. "मागायची सवय नाई त्याईले."

महिने गेले. शेवटी तडजोड अशी झाली की आधी घरात पोथी लावायची, तो परत यावा म्हणून. समाप्तीपर्यंत आला तर देवाची कृपा. नाही आला तर दुसऱ्या दिवशी पुतळा. जाऊबाईंना मान हलवावी लागली. पळसाची पानंही आणली गेली आणि परसात ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. मी परसात जायचे ते त्या ढिगाला वळसा घालून.

पोथी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वाशीमच्या मिशनातली बाई आली. पांढरं लुगडं, काळी छत्री आणि तट्टू. तिला सगळे बायबल बाई म्हणत. ती आम्हाला चोळीचं बेतणं शिकवायची आणि सुई चालू असताना एखादी गोष्ट सांगून घ्यायची. तिच्या देवाबद्दल आत्याबाईंचं काही म्हणणं नव्हतं. तिचं काजं करणं सुबक होतं, म्हणून देवही बरा असणार, असा त्यांचा हिशेब.

त्या दिवशी तिने एका राणीची गोष्ट काढली. जाऊबाई म्हणाल्या, "बाई, राणी नको. आमच्यासारखी कोनी हाय का तुमच्या पोथीत?"

बायबल बाईने बरीच पानं उलटली. "एक मोलकरीण आहे," ती म्हणाली. "रुदा नावाची. पण दोन-चार ओळींचीच आहे हो. तिची गोष्ट कोणी सांगत नाही."

"मग तेच सांगा."

तिने सांगितलं. पेत्र नावाचा साधू राजाच्या कैदेत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा जीव जाणार. त्याची माणसं एका घरात जमून, तो सुटावा म्हणून देवाचा धावा करत बसली होती. इकडे देवाने त्याला सोडवलं, आणि तो त्याच घराच्या दाराशी येऊन ठोठावू लागला. रुदा कानोसा घ्यायला गेली. तिने आवाज ओळखला, आणि इतकी हरखली की कडी न काढताच आत पळाली.

"बरोबर केलं पोट्टीनं," आत्याबाई म्हणाल्या. "पहिल्या हाकेले कडी काढतेच कोन?"

"तसं नाही, आजी. ती आनंदाने विसरली."

"अन् अंदरचे काय म्हणले?"

"म्हणाले, तू वेडी आहेस. तो नसेल, त्याचा दूत असेल."

"म्हंजे भूतच," आत्याबाईंनी निकाल दिला. ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या. ज्याच्यासाठी देवाला हाका मारायच्या तोच दारात आला तर भूत म्हणायचं, यावर एकीला तर सुई बोटात टोचेपर्यंत हसू आलं.

जाऊबाई हसल्या नाहीत. "मग ते पोट्टी गप्प बसली का?"

"नाही. सगळे वेडी म्हणत होते, आणि ती म्हणत राहिली, तोच आहे, तोच आहे."

"अन् दार?"

"तो ठोकत राहिला. मग उघडलं."

जाऊबाईंनी दोरा दाताने तोडला. "ठोकत राह्यला म्हनून बरं. आमचे नसते ठोकत."

दुसऱ्या दिवशी पहाटे दळताना त्या जात्याचा खुंटा धरून मला म्हणाल्या, "साऱ्याईनं वेडी म्हनलं तरी बोलतच राह्यली. मोलकरीण असून. मी त घरची सून हाय." आणि जातं असं काही फिरवलं की मला हात लावायचं कामच उरलं नाही.

पोथी बसली. बुवा शिरपूरकडचे होते, आवाज खणखणीत आणि नियम त्याहून खणखणीत. अध्याय चालू असताना कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि जांभई आली तर नाकाने द्यायची. जाऊबाई समईजवळ बसत. रोज अध्याय संपत, वाटेवर कोणी दिसत नसे, आणि आत्याबाई परसात जाऊन गोणपाटावर पाणी शिंपडून येत.

समाप्तीचा दिवस उजाडला. भर दुपारची वेळ, शेवटचा अध्याय, ओसरी माणसांनी भरलेली. दार बंद, कारण आदल्या दिवशी बकरी आत येऊन प्रसादाचा शिरा खाऊन गेली होती. मी दाराजवळ बसले होते, नव्या सुनेची जागा चपलांपाशी. बुवा ओवीत रंगले होते आणि बाहेरून हाक आली.

"दार काढा."

एकदाच.

कोणी हललं नाही. तिसऱ्या हाकेची वाट पाहणं सगळ्यांच्या अंगात भिनलेलं होतं. मी कानोसा घेतला. दुसरी हाक नाही. मग वाकून दाराखालच्या फटीतून पाहिलं. उन्हात धुळीने माखलेले दोन पाय उभे होते, आणि डाव्याचा अंगठा चपटा.

माझा हात कडीवर गेलाही होता. तेवढ्यात लक्षात आलं की वाकताना पदर खांद्यावर आलाय आणि मी भासऱ्यांपुढे उघड्या डोक्याने दार उघडणार आहे. पदर सावरू, कडी काढू की ओरडू? या तिन्हींतलं काहीच न करता मी माणसं तुडवत आत धावले आणि समईपुढे जाऊन उभी राहिले.

"आले," मी म्हणाले.

बुवांनी बोट ओवीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. "कोण आलं?"

मोठ्या दिराचं नाव घ्यायचं नाही. मी म्हणाले, "अंगठा आला."

"हिले ऊन लागलं," आत्याबाई म्हणाल्या.

"नाई आत्याबाई. मोठे. दाराशी उभे हायेत. म्या पाय पाह्यले."

आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. "किती हाका आल्या?"

"एक."

"एक," त्या पुटपुटल्या. "दुसरी नाई आली. म्हंजे थोच. विधी नाई केला म्हनून आला, बापा." त्यांनी हात जोडले. "पाय कसे होते? उलटे का सुलटे?"

"सुलटे होते. बोटं अठीच होती, दाराकडं."

बुवा म्हणाले, "अध्याय मोडता येत नाही. खाली बस, पोरी. तो परत यावा म्हणून पोथी चालली आहे, तिच्यात विघ्न आणू नको."

हे मी आजही बुवांच्या आवाजात म्हणून दाखवते आणि पोरं गडगडा लोळतात. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. मी तशीच उभी राहिले. "तेच हायेत," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या पुरुषांदेखत बोलत होते, आणि एकदा तोंड उघडल्यावर मला ते फार आवडू लागलं होतं.

आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याला फटीतून पाहायला पाठवलं. तो पोटावर आडवा झाला आणि लगेच उठला.

"टाचा अठी हायेत," तो म्हणाला. "माय, टाचा दाराकडं हायेत अन् बोटं तिकडं. उलटे पाय हायेत."

मग जे झालं त्याला पोथी म्हणता येणार नाही. बायका खांबांना बिलगल्या, कोणी मारुतीचं नाव घेतलं, एक पाहुणा मागच्या दाराने परसात गेला तो पळसाच्या ढिगावर पडला. बुवा वाचतच होते, पण एकच ओवी पुन्हा पुन्हा.

जाऊबाई इतका वेळ समईजवळ बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुनं पाह्यलं तवा बोटं दाराकडं होती?"

"हो."

"अन् आता टाचा?"

"हो."

"हाक एकच?"

"एकच, जाऊबाई."

त्या उठल्या. भर अध्यायात उठल्या. "मग रुसले," त्या म्हणाल्या. "पाठ करून उभे हायेत. भूत कायले रुसन?"

"पोथी मोडन," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात धाक नव्हता, रडू होतं. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांनाही उठवलं. दोघी दारापर्यंत गेल्या. कडी जाऊबाईंनी काढली.

ओट्याच्या कडेशी पाठमोरे भासरे उभे होते. अंगावर दुसऱ्याचा सदरा, खांद्यांची हाडं वर आलेली, हातात बांबूची काठी. त्यांनी मान वळवली नाही.

"एकदा हाक मारली होती," ते म्हणाले.

आत्याबाईंनी आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच पाठीला मिठी मारली.

हकीकत अर्थातच एकदाच सांगितली गेली, आणि सगळं गाव श्वास रोखून ऐकत होतं, कारण पुन्हा मिळणार नव्हती. धर्मशाळेबाहेर शेजारी कुडकुडणाऱ्या माणसावर त्यांनी आपली घोंगडी टाकली होती. मग स्वतःच तापाने पडले. एका पिंजाऱ्याने त्यांना उचलून घरी नेलं आणि त्याच्या बायकोने चमच्याने पेज पाजून जगवलं. अंगात चालायचं बळ यायला हे सगळे महिने गेले.

"निरोप त पाठवायचा, बाबा," आत्याबाई म्हणाल्या.

"पाठवला होता."

नेणारा माणूस वाटेतच साथीने पडला होता.

"मग दुसरा पाठवायचा."

भासऱ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की विषय तिथेच संपला.

बुवांनी उरलेला अध्याय पुरा केला, भासऱ्यांना समोर बसवून. समाप्तीचं जेवण होतं आणि पत्रावळी कमी पडल्या. जाऊबाई परसात गेल्या, गोणपाट दूर केलं आणि ती पानं आणून टाचायला बसल्या. मीही बसले. पानं छान हिरवी राहिली होती. रोज पाणी शिंपडून आत्याबाईंनीच ती जपली होती.

पुढे बायबल बाई आली तेव्हा तिला ही सगळी गोष्ट आम्ही दोघींनी मिळून करून दाखवली. जाऊबाईंनी तिला विचारलं, "थ्या रुदाले मंग काई भेटलं का? लुगडं, चोळी?"

बायबल बाईने पान काढून पाहिलं. "नाही लिहिलेलं. पुढे तिचं नावच नाही."

जाऊबाईंना ते पटलं नाही. त्यांनी पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तुमच्या पोथीत लिहून घ्या," त्या बायबल बाईला म्हणाल्या, आणि त्यांच्या बांगड्या वाजल्या.

पण ते नंतरचं. त्या दुपारी भासरे जेवायला बसले, तेव्हा स्वतःच्याच पुतळ्यासाठी आणलेल्या पानांवर त्यांनी पुरणाची पोळी ठेवून घेतली. ते त्यांना सांगायचं धाडस कोणाला झालं नाही. पहिली पोळी संपली. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि मागण्याआधीच जाऊबाईंनी दुसरी वाढली.