चौकशीच्या कागदातलं एक वाक्य

कंपनीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्याकडे यायचा. त्याची मला कोण मिजास! मेमो असो नाहीतर बदलीचं पत्र, लोक माझ्या बोईसरच्या खोलीवर येत आणि मी एकेका वाक्प्रचाराचा अर्थ फोड करून सांगे.

तशाच एका दुपारी शिरगावच्या वहिनी आल्या. त्यांचा नवरा माझ्या पाळीत ऑपरेटर, मी त्या पाळीचा सुपरवायझर. पंपातलं रसायन अंगावर उडून भाजला आणि आठव्या दिवशी गेला. त्या अपघाताच्या प्राथमिक चौकशीचा कागद त्यांच्या हातात होता. येताना बागेतले चिकू आणले होते. ती पिशवी बघूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कागदात होतं, गळतीकडे ऑपरेटरनं ‘टर्न्ड अ ब्लाइंड आय’. हा वाक्प्रचार मला शाळेपासून पाठ. दिसत असून न बघणं, आपल्याकडे ज्याला डोळेझाक म्हणतात ते. पण तो अर्थ मी सांगितला नाही. थोडं दुर्लक्ष झालं, असं काहीतरी पुटपुटलो.

खरं ते मला ठाऊक होतं. पंप गळतोय म्हणून तो तीन दिवस माझ्या मागे लागला होता. मीच म्हणालो, गोणपाट गुंडाळ, रविवारी बंद ठेवून बघू. आमची ती जुनी रीत. गोणपाट बांधायचं, वर पाणी सोडायचं आणि वहीत ‘ऑल ओके’ लिहायचं. तिन्ही दिवसांचं ‘ऑल ओके’ माझ्याच अक्षरात आहे. शनिवारी गोणपाटासकट सगळं त्याच्यावर आलं.

“दुर्लक्ष कसं, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “जेवताना रोज तेच बोलायचे. तुमाला सांगितलंय म्हणायचे.”

पुतणीनं कागद कधीच वाचून दाखवला होता, तेही त्यांनी सांगितलं. त्या दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या.

“पुढल्या चौकशीत येवढंच बोला, त्यांनी तुमाला सांगितलेलं हाय म्हणून. मेलेल्या माणसावर ठपका नको.”

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नोकरी, पोलीस, कोर्ट, सगळं डोक्यात गरगरलं. लाज वाटत होती, भयंकर वाटत होती, पण हो म्हणालो नाही. कसला डोंबलाचा इंग्रजीचा पंडित! मी नुसता चिकूंच्या पिशवीकडे बघत बसलो.

 मग त्या कागदाची घडी घालून उठल्या.

“आता कळला मला त्या इंग्रजीचा अर्थ,” चपला घालता घालता त्या म्हणाल्या.